एकट्यानं बुडी मारण्याचे फायदे

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. याआधीच्या तीन रोजनिशा जानेवारीत सुरू झाल्या आणि जानेवारीतच संपल्या. दोष महिन्याचा होता. नोव्हेंबरात सुरू केलेलं टिकतं असं माझं निरीक्षण आहे. पहिल्यांदाच करतोय, पण निरीक्षण आहे.

उद्देश: १३ डिसेंबरला, तिथीप्रमाणे, गोकुळचं प्रथम पुण्यस्मरण. चितेगावला, त्याच्या घरासमोर मांडव घालून. दहा ते बारा कीर्तन, मग जेवण. पत्रिकेत माझं नाव 'जिवलग मित्र' असं छापणार आहेत आणि मला दोन शब्द बोलायचे आहेत. दोन शब्दांत भागणार नाही. मी अहवाल सादर करणार. विषय: स्कूबा डायव्हिंगमधले मृत्यू, कारणं आणि गैरसमज. पानं अंदाजे चाळीस.

मुख्य मुद्दा आत्ताच लिहून ठेवतो. पाण्याखाली जोडीदार असला काय आणि नसला काय, काही फरक पडत नाही. उलट एकट्यानं बुडी मारणं जास्त सुरक्षित. कुणाची जबाबदारी नाही, कुणाकडं बघत बसायला नको.

घटना थोडक्यात: गेल्या वर्षी २४ डिसेंबर. कोकण. मी आणि गोकुळ, एकाच कंपनीत मेंटेनन्सला, दोघांचाही डायव्हिंगचा कोर्स नुकताच पास झालेला. जोडीनं उतरलो. गोकुळ एकटाच पुढं गेला. मी एक मिनिट शोधलं, दिसला नाही, नियमाप्रमाणे वर आलो. नंतर त्याला काढलं तेव्हा सिलिंडर रिकामं होतं. जबाबात हेच दिलंय. जबाबाची झेरॉक्स माझ्याकडं आहे. कुणी मागितली तर दाखवीन. अजून कुणी मागितलेली नाही.

संकल्प: रोज पाच किलोमीटर चालणं. साखर बंद. रोज अहवालाचं एक पान.

३ नोव्हेंबर, सोमवार

चालणं झालं नाही, बूट सापडले नाहीत. साखर बंद आहे. कंपनीच्या चहात ती आधीच घातलेली असते, त्याला मी काय करणार.

वर्षभर मी कंपनीत मागच्या गेटनं जातो. पुढच्या रस्त्यावर गोकुळचं घर लागतं, त्याचा काही संबंध नाही. मागचा रस्ता मोकळा आहे. खड्डे आहेत, मध्ये नाला आहे, पावसाळ्यात दोनदा गाडी बंद पडली, पण मोकळा आहे.

आज मागच्या गेटवर रूपावहिनी उभ्या होत्या. गोकुळची बायको. पत्रिकेचा मजकूर दाखवायला आल्या होत्या. मजकूर चांगला आहे. मग सासूबाईंचं सांगायला लागल्या. दगडाबाई, गोकुळची आई. येईल त्याला सांगतात की चूक माझ्याच पोराची, त्यानंच जोडीदाराला सोडलं, पाण्यात मस्ती नडली. रडत नाहीत, नुसतं सांगतात. शरमेनं गावात कुणाच्या दारी जात नाहीत.

मी म्हणालो, वय झालं की असं होतं.

वहिनींनी पत्रिकेची घडी घातली. मग म्हणाल्या, "भाऊजी, हे कुणाला सोडून पुढं जाणारे नव्हते. वरातीत मागं राहिलेल्याला आणायला परत फिरायचे. तुम्ही तवा नेमकं कुठं होता?"

मी म्हणालो, अहवालात सगळं येईल.

८ नोव्हेंबर, शनिवार

अहवालाची पहिली दोन पानं झाली. एक मुखपृष्ठ, एक अनुक्रमणिका.

नेटवरून परदेशातले अभ्यास वाचले. एक गोष्ट सगळीकडं सापडते. डायव्हिंगमध्ये जे मेले त्यांतले पुष्कळ जण निघताना जोडीनं निघाले होते आणि मेले तेव्हा एकटे होते. अर्थ सरळ आहे. जोडीदार होता, तरी मेले. म्हणजे जोडीदाराचा उपयोग शून्य. हे वाक्य ठळक टाइपात घेणार.

करुणाला वाचून दाखवलं. मेथी निवडत होती. वर न बघता म्हणाली, म्हणजे एकटे पडले म्हणून मेले ना. तिला आकडेवारी कळत नाही. बायको असली तरी बीए मराठी आहे.

दुसरी नोंद: मेलेल्या पुष्कळांच्या कमरेला शिशाचा पट्टा तसाच सापडतो. पाण्यात खाली जायला वजन लागतं म्हणून तो बांधतात. बकल ओढलं की पट्टा पडतो आणि माणूस वर येतो. एका हाताचं काम. तेवढंही सुचू नये म्हणजे कमाल आहे.

११ नोव्हेंबर, मंगळवार

नुसत्या कागदानं लोकांना पटत नाही. प्रात्यक्षिक पाहिजे. मी स्वतः एकट्यानं बुडी मारणार, कपाळाला कॅमेरा लावून, आणि तो व्हिडिओ पुण्यस्मरणाला पडद्यावर दाखवणार. एकटा माणूस खाली गेला, एकटा वर आला, काही झालं नाही. त्यानंतर मी कुठं होतो हा प्रश्नच उरत नाही.

जागा: समुद्र लांब. नाथसागर धरणात परवानगी आणि बघे. उरली आमच्या गावची, पिशोरची विहीर. शेत मोठ्या भावाकडं, कडूबाकडं आहे. आठ परस खोल, म्हणजे आठ माणसं एकावर एक उभी राहतील एवढी, आणि यंदाच्या पावसानं तुडुंब. विहिरीत लाटा नाहीत, ओढ नाही, हरवायला जागा नाही.

विहिरीत एकट्यानं स्कूबा करणारा मराठवाड्यातला मी पहिलाच असणार. शोधलं, कुणी सापडलं नाही. का नाही ते कळत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

सराव सुरू. गच्चीवरचा दोनशे लिटरचा ड्रम. मास्क लावून आत बसलो, डोकं पाण्याखाली, कॅमेरा सुरू.

मास्कमध्ये पाणी शिरलं. नाकातून फुंकून ते काढायचं असतं, मला येतं. पण ड्रममध्ये कोपर हलवायला जागा नसल्यामुळं आलं नाही. लगेच उठलो. वेळ: अकरा सेकंद. पहिल्या दिवसाच्या मानानं ठीक.

करुणा कपडे वाळत घालायला आली होती. म्हणाली, नळाला पाणी आता थेट गुरुवारी आहे, त्यात तुम्ही बसलाय, त्याच पाण्यात आता मी डाळ शिजवायची का. बाहेर आलो. चहा देताना ती एवढंच म्हणाली की झोपेत तुम्ही हात मारता, वर यायला बघितल्यासारखे. मी म्हणालो, सराव अंगात भिनतोय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

कडूबाला फोन केला. म्हणाला, ये, पण इहिरीत एकल्यानं उतरायचं नाय. काठावर माणूस पाहिजे.

ही तिथली जुनी रीत आहे. मोटारीचा फुटव्हॉल, म्हणजे पाइपाच्या बुडाची झडप, काढायला कडूबा विहिरीत उतरतो तेव्हा भागूबाई, आमची वहिनी, काठावर बसते. तिला पोहता येत नाही, दोर ओढायची ताकद नाही. मी विचारलं, मग तिचा उपयोग काय?

"तिनं हाक मारायची, म्या ओ द्यायची," कडूबा म्हणाला. "ओ आली नाय की तिनं लगोलग गाव गोळा करायचं. एवढंच काम हाय."

मी त्याला परदेशातली आकडेवारी सांगितली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला की आपल्या शिवारात आजवर जे इहिरीत गेले ते सगळे काठ मोकळा असतानाच गेले. अडाणी माणूस. त्याला नमुना-चाचणी म्हणजे काय हे माहीत नाही.

ठरवलं: ७ डिसेंबरला कडूबा आणि भागूबाई कन्नडला लग्नाला जाणार आहेत. त्याच दिवशी.

२३ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून सेकंडहँड सेट आणला. भरलेलं सिलिंडर, श्वास घ्यायची नळी, हवा भरून तरंगायचं जॅकेट, पट्टा. ट्रॅव्हल्सच्या ड्रायव्हरनं सिलिंडर बघून गाडी थांबवली. गॅस नेता येत नाही म्हणाला. गॅस नाही, हवा आहे, असं समजावलं. तो म्हणाला, हवा पुण्याहून कशाला आणायची. शेवटी मागच्या सीटवर, दोन पायांत धरून, अहिल्यानगर ओलांडून इथपर्यंत आलो. शेजारी कुणी बसलं नाही.

जॅकेट थोडं गळतं. विकणारा म्हणाला, तेवढं चालतं.

आठवण झाली म्हणून लिहितो. डायव्हिंगला जायची कल्पना माझी होती. गोकुळला मीच तयार केलं. एकट्यानं जायला भीती, म्हणजे कंटाळा येत होता. तो म्हणाला होता, तू म्हणतोस तर येतो. चितेगावचा माणूस, त्याला समुद्राचं काय पडलं होतं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

क्रांती चौकात फ्लेक्स छापायला टाकला. रूपावहिनींनी फोटो निवडायचं माझ्यावर सोपवलं होतं. गोकुळचा हसरा फोटो एकच आहे, बोटीवरचा. उतरायच्या दहा मिनिटं आधीचा. शेजारी मी आहे, त्याच्या खांद्यावर हात टाकून. दुकानदार म्हणाला, तुम्हाला कापू का? मी म्हणालो, कापा.

माझा हात मात्र निघत नाही म्हणाला. खांद्यावर बोटं राहिली आहेत. लांबून कळत नाहीत.

अहवाल: पानं दोनच. पण विचार पूर्ण आहे.

एक दुरुस्ती. वर 'एक मिनिट शोधलं' असं लिहिलंय. शोधलं म्हणजे नजर टाकली. पाण्याखाली मिनिट मोजणं अवघड असतं. आणि नियम दोघांना सारखाच आहे. जोडीदार दिसला नाही तर एक मिनिट शोधायचं आणि वर यायचं. गोकुळ वर आला नाही. म्हणजे नियम कुणी मोडला?

४ डिसेंबर, गुरुवार

आज नाल्याच्या पुलाचं काम काढलंय. मागचा रस्ता बंद. पुढच्या गेटनं जावं लागलं.

दगडाबाई ओट्यावर बसल्या होत्या. मी मान खाली घालून चाललो होतो, पण त्यांनी हाक मारली. उठल्या, काठी टेकत रस्त्यावर आल्या. मला वाटलं, आता विचारणार.

त्यांनी माझ्यापुढं हात जोडले. म्हणाल्या, "माझ्या पोरानं तुला भर पान्यात सोडलं. लहानपनापासून अवखळ व्हता. तू मनात ठिवू नको बाबा, त्याला माफी दे."

ऐंशीच्या पुढची बाई. रस्त्यानं शिफ्टची माणसं चालली होती.

मी म्हणालो, जाऊ द्या मावशी.

म्हणजे माफ केलं. काहीतरी बोलायला पाहिजे होतं आणि तेच तोंडातून आलं. त्यांना बरं वाटलं असणार, कारण त्या माझ्या पाठीवरून हात फिरवून परत गेल्या. दुपारी डबा उघडला नाही. वांगं होतं.

प्रात्यक्षिक आता झालंच पाहिजे.

६ डिसेंबर, शनिवार

तयारी पूर्ण. करुणाला सांगितलं, शेताकडं चक्कर मारून येतो. ती म्हणाली, मी येऊ का सोबत. तिला काय कळलंय कोण जाणे. मी म्हणालो, तुला तिथं कंटाळा येईल. ती दारात उभी राहून म्हणाली, मला वर्षभर इथंच कंटाळा आलाय, तुम्ही घरात असून नसता.

यावर नंतर विचार करीन. एका वेळी एक काम.

७ डिसेंबर, रविवार. संध्याकाळी ५

पिशोर. कडूबाच्या ओसरीवर बसून लिहितोय. वही मांडीवर आहे, अक्षराबद्दल माफी. कुणाची मागतोय कोण जाणे.

क्रमानं लिहितो. कडूबा आणि भागूबाई नऊला गेले. अकरा वाजता सगळं अंगावर चढवलं. कॅमेरा सुरू केला, दिनांक आणि उद्देश बोललो. दोर धरून पाण्यात उतरलो. ११.१५ ला बुडी.

समुद्रात निदान निळं दिसतं. विहिरीत चार हातांखाली हिरवं आणि त्याखाली काही नाही. हवेचा काटा डोळ्यांसमोर धरला, दिसेना. स्वतःचा हात दिसेना. मग मास्कमध्ये पाणी आलं. नाकात गेलं. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ आहे, कोर्सच्या परीक्षेत पूर्ण गुण होते. मी वर पळालो.

वर आलो तेव्हा तोंडातली नळी गेली होती, जॅकेटमधली हवा गेली होती आणि कमरेचा पट्टा खाली ओढत होता. उतरायचा दोर विहिरीच्या पलीकडच्या अंगाला. हाताला मोटारीचा पाइप लागला, तो धरला. पट्ट्याचं बकल सोडायला एक हात लागतो. तो एक हात मी पाइपावरून काढू शकलो नाही. सुचत होतं सगळं. हात निघत नव्हता.

ओरडलो. विहिरीत आवाज आपलाच आपल्याकडं येतो. घड्याळ डोळ्यांसमोर होतं, दुसरं बघायला काही नव्हतं. ११.२० ला ओरडायला लागलो. ११.४५ पर्यंत कुणी आलं नाही. पंचवीस मिनिटं.

पंचवीस मिनिटं म्हणजे किती ते मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

त्या दिवशी कोकणात मी गोकुळला शोधलंच नव्हतं. पंधराव्या मिनिटाला माझ्या मास्कमध्ये पाणी शिरलं. गोकुळ चार हातांवर होता, पाठ करून एक मासा बघत होता. त्याला खूण केली नाही. भ्यालो आणि सरळ वर आलो. आमच्यासोबतचा गाइड दुसऱ्या जोडीला घेऊन पुढं होता. बोटवाल्यानं मला वर ओढलं आणि विचारलं, साहेब, जोडीदार? मी म्हणालो, येतोय मागून, त्याला अजून फिरायचंय. घाबरून पळालो हे सांगायची लाज वाटली. कोकणात जाताना ट्रॅव्हल्सच्या गाडीत मीच सगळ्यांना सांगत होतो की गोकुळला मी सांभाळून नेणार आहे.

बोटवाल्यानं केळी दिली. दोन खाल्ली. पंचवीस मिनिटं बसलो. मधे त्यानं परत एकदा विचारलं, मी म्हणालो, येईल. शेवटी गाइडच दुसऱ्या जोडीसोबत वर आला, माणसं मोजली आणि परत उडी मारली.

गोकुळ मला शोधत होता. वळला, मी नाही. एक मिनिट शोधून वर यायचं, हे त्यालाही शिकवलं होतं. तो आला नाही. मला खाली ठेवून वर येणं त्याला जमलं नसणार. सिलिंडरमध्ये हवा होती तोवर त्यानं मला शोधलं. आणि मी त्याच्या डोक्यावर केळी खात होतो.

हे मी पहिल्यांदा लिहितोय. लिहून काही झालं नाही. ओसरी तशीच आहे.

पुढं: काठावर एक डोकं दिसलं. मल्हारी, मेंढरं घेऊन शिवारात उतरलेला. "कोन हाय?" म्हणाला. मग म्हणाला, "एकलेच उतरलात व्हय?"

त्यानं उतरायचा दोर या बाजूला आणून खाली सोडला, बगलेत कसा अडकवायचा ते सांगितलं, वरचं टोक मोटारीच्या लोखंडी फ्रेमला बांधलं. एकट्याला मला ओढता येत नव्हतं. फोन करून कडूबाला बोलावलं. कडूबाला यायला तास लागणार होता. तोवर मल्हारी काठावर बसून राहिला. दर थोड्या वेळानं हाक मारायचा, मी ओ द्यायचो.

त्याची मेंढरं बाजूच्या हरभऱ्यात शिरली. कडूबाचा हरभरा, नुकता वीतभर आलेला. मला खालून फक्त खाण्याचा आवाज येत होता. मीच म्हणालो, मेंढरं हाकून ये. दोन मिनिटांचं काम होतं.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "म्या उठलो आन तुमी हात सोडला तर?"

कडूबा आला, चार माणसांनी मला वर काढलं. अर्धा एकर हरभरा गेला होता. मल्हारी ओशाळून उभा होता. कडूबानं मेंढरं स्वतःच बाहेर हाकली. लग्नाचे कपडे त्याच्या अंगावर तसेच होते.

कॅमेरा खाली गेला. आठ परसांवर आहे.

८ डिसेंबर, सोमवार

अहवाल फाडला. दोन पानं, वेळ लागला नाही.

आता ठरलं. खरं सांगणार. आधी रूपावहिनींना एकट्यात, मग दगडाबाईंना, मग १३ तारखेला माईकवर सगळ्यांना. चार वाक्यांचं काम आहे. मी घाबरून वर आलो. त्याला सांगितलं नाही. पंचवीस मिनिटं बोटीवर गप्प बसलो. तो मला शोधत मेला.

पाठ केली. आरशासमोर म्हणून बघितली. तिसऱ्या वाक्याला आवाज बसतो. सर्दीमुळं असेल, विहिरीचं पाणी गार होतं.

करुणाला आधी सांगावं का? ती स्वयंपाकघरात होती. आत गेलो. तिनं वळून बघितलं आणि गॅस बारीक केला, म्हणजे ऐकायची तयारी होती. मी पाणी पिऊन बाहेर आलो.

१० डिसेंबर, बुधवार

पुढच्या गेटनं गेलो. मुद्दाम. रूपावहिनींच्या दारात थांबलो. मांडववाले मोजमाप घेत होते, आचारी येऊन बसला होता. अशा गर्दीत बोलणं बरं नाही. वहिनी म्हणाल्या, भाऊजी, काही बोलायचं होतं का? मी विचारलं, खुर्च्या किती सांगितल्या. त्या म्हणाल्या, दोनशे. पुरतील म्हणालो.

फ्लेक्स लागलाय. जवळून बोटं दिसतात.

१२ डिसेंबर, शुक्रवार. सकाळी

एक विचार आला. एकट्यात सांगण्यापेक्षा थेट माईकवर सांगणं जास्त प्रामाणिक. दोनशे माणसांसमोर माघार घेता येत नाही. म्हणून वहिनींना आधी सांगितलं नाही ते योग्यच झालं.

चार वाक्यं चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवली.

१३ डिसेंबर, शनिवार. संध्याकाळी ६

झालं.

कीर्तन संपलं, बाराला महाराजांनी माझं नाव पुकारलं. माईक हातात घेतला. समोर दगडाबाई खुर्चीवर, रूपावहिनी खांबाला टेकून उभ्या. मागं करुणा. ती आपणहून आली होती. चिठ्ठी काढली नाही, पाठ होती.

म्हणालो, मी वर्षभर खोटं बोललो. गोकुळ मला सोडून गेला नव्हता. मी आधी वर आलो होतो. तो मला खाली शोधत राहिला. हवा संपेपर्यंत शोधत राहिला.

इथं थांबलो. चिठ्ठीतलं तिसरं, पंचवीस मिनिटांचं वाक्य यायचं होतं. पण बायका रडायला लागल्या, पुरुषांनी उपरणी डोळ्यांना लावली. महाराजही गहिवरले. त्यांनी पुढं होऊन माईक घेतला आणि म्हणाले की मित्र असावा तर असा, आणि मित्रासाठी भर सभेत आपलं खोटं कबूल करणारा असावा तर असा. माईक परत मागता आला असता. महाराजांनी दोनदा माझ्याकडं बघितलंही, अजून काही बोलायचंय का म्हणून. मी मान हलवली. नाही म्हणून.

मग त्यांनी माझा सत्कार केला. टॉवेल, टोपी, नारळ. मी घेतला.

दगडाबाई उठून आल्या. माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. वर्षभरात पहिल्यांदा रडत होत्या. म्हणाल्या, "माझ्या लेकरानं साथ सोडली नाय. तू बोललास म्हनून आज कळलं. तुझं लई उपकार झालं." मी त्यांच्या पाया पडलो. दुसरं काय करणार.

पंगत बसली. वहिनी वरणाची बादली घेऊन वाढत येत होत्या. माझ्या पानापाशी थांबल्या. डोळे कोरडे होते. शेजारच्याला ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात त्यांनी विचारलं, वर आल्यावर बोटवाल्याला तुम्ही किती वेळानं सांगितलं?

सगळी पंगत खाली मान घालून जेवत होती. कुणी माझ्याकडं बघत नव्हतं. खोटं बोलायचं काही कारणच नव्हतं.

"पाच मिनिटांत," मी म्हणालो.

त्यांनी थोडा वेळ बादलीत बघितलं. मग माझ्या भातावर वरण घातलं.

"एवढ्यात तुम्ही तरी काय करणार होता," म्हणाल्या, आणि पुढच्या पानाकडं गेल्या.